दामूकाकांची राखीव टाकी

आमचे शेजारी दामूकाका कुठल्याही यंत्राला आधी तळहात लावतात. पंपाला, फ्रिजला, एकदा तर माझ्या तापलेल्या कपाळालाही. मग डोळे मिटून निकाल: "लोड आहे!"

काका मुंबईत एका बँकेच्या मेनफ्रेमवर होते. मेनफ्रेम म्हणजे खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर, सगळ्या शाखांचे हिशेब त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर. त्याला ताण किती झेपतोय, पुढे किती झेपेल, हे बघणं काकांचं काम. मशीन दमलं की साहेब म्हणायचे, नवीन घेऊ. काका म्हणायचे, "कशाला? आहे त्यात बसवू!" व्याजाची आकारणी काउंटर बंद झाल्यावर लावायचे आणि खरंच बसवायचे. "गुणी होतं हो," असं अजून म्हणतात, गोठ्यातली गाय विकल्यासारखं.

निवृत्तीनंतर इथे रेवदंड्यातही तेच. रिक्षात चौथा माणूस चढला की, "पीक अवर आहे, सरका!" काकू गेल्यापासून एकाच कुकरात भात, वरण, बटाटा. आहे त्यात बसवलेलं.

अशा माणसानं गणपतीआधी गच्चीवर भली थोरली टाकी चढवली, मग आळी हसणारच. रिक्षावाला गणू म्हणाला, "काका, एकट्याला एवढं पाणी? न्हाताय का पोहताय?"

"मुलगा येतोय रे. सून, नाती. पीक लोडला जागा राखीव लागते."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती टाकी वाहायला लागली, तरी पंप कुणी बंद करेना. मी धावत वर गेलो. काका टाकीला तळहात लावून उभे.

"रजा नाही मिळाली त्याला," म्हणाले. "थंड आहे हो. लोडच नाही."

मी पंप बंद करून खाली आलो आणि आमच्या हिला सांगितलं. तिनं पदर खोचला नि सरळ त्यांचं अंगण गाठलं. "काका, आमच्याकडे पाहुणे मावेनात! सकाळी आंघोळीला तुमच्याकडे पाठवू ना?"

सकाळी काका मोरीच्या दाराशी, खांद्यावर पंचा, आवाज चढलेला. "पूजेला बसणारे आधी! पोरं मागाहून! ए, तो नळ बंद कर!"

दुपारी मी प्रसाद घेऊन गेलो, तेव्हा ते मुलाशी फोनवर बोलत होते.

"अरे, टाकी संपली!" काका केवढे खूश. मग आवाज उतरला. "तरी तुम्ही या रे, कधीही. आहे त्यात बसवू."