नंतर बसवलेले दोन पिवळे दिवे

लढाईच्या आधीच्या गाडीवरून नंतर बसवलेली वस्तू काढली, की ती बसवणारा माणूसही निघतो. जिवंत असेल तर जागच्या जागी नाहीसा होतो, मेलेला असेल तर कधी नव्हताच असा होतो. लढाई म्हणजे दुसरी, एकोणचाळीस सालची. चाळीस सालच्या गाडीला हा नियम नाही, तिचं काय वाटेल ते करा. कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात डोळे विस्फारण्यासारखं काही नाही.

माझं नाव हिंदुराव ——— लोहार. तिसऱ्या गल्लीत माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम आणि वायरिंग आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी ऋतुजा.

आता शहाणा माणूस विचारेल, एवढं ठाऊक आहे तर नवीन वस्तू बसवता कशाला? त्याला म्हणावं, एकदा जुन्या गाडीखाली झोपून बघ. तिच्यावर हात फिरवलेला मिस्त्री आपलं काहीतरी मागं ठेवल्याशिवाय उठत नाही. गरज नसली तरी ठेवतो. कुणी आरसा, कुणी टोपीला खुंटी, कुणी नुसताच पितळी बिल्ला. खाजच असते ती. मग चाळीस वर्षांनी गाडीच्या नव्या मालकाला ती मूळ रूपात पाहिजे असते आणि पाना घेऊन कुणीतरी येतं. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानात पाच माणसं आहेत आणि चहा रोज सहा येतो. सहावा का येतो ते चहावाल्यालाही सांगता येत नाही. गार झाला की ओतून टाकतात.

म्हणून आमच्यात रीत आहे, की काढायच्या आधी सगळं आपल्या हातानं वहीत लिहून ठेवायचं. छापील कागदावरचं जातं, हातचं अक्षर बऱ्यापैकी टिकतं. मी हे मंगळवारी लिहितोय. दिवे गुरुवारी काढायचे आहेत.

गाडी छत्तीस सालची, लांब नाकाची, बोटीनं मुंबईला उतरलेली. मालक पद्मसिंह इंगवले. ती त्यांच्या आजोबांनी घेतली होती. एकसष्ट साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या पुढच्या मडगार्डांवर वळताना दाखवायचे दोन पिवळे दिवे बसवले. दिव्यांची भांडी त्यांनी फुटक्या स्टोव्हच्या टाकीतून ठोकून काढली, पितळेची. एकाही जागी हातोडीचा घाव दिसत नाही. शेवटचा स्क्रू पिळला की आबा पेचकसाच्या मुठीनं त्यावर दोनदा टकटक करायचे आणि त्या स्क्रूला म्हणायचे, "बस हितंच." प्रत्येक स्क्रूला म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, स्क्रूला ऐकू येतं.

आबांचा फोटो गॅरेजात लेथच्या वर आहे. खाली पेंटरकडून लिहून घेतलंय: कै. ——— लोहार.

सोमवारी मूळस्थिती समितीचे केळुसकर साहेब आले. प्रदर्शनात मूळ रूपातल्या गाड्यांचा वर्ग वेगळा असतो, त्यासाठी यांची तपासणी लागते. माणूस सज्जन. बूट काढून गाडीत बसला, लोहचुंबक लावून पत्रा बघितला आणि मग फाइल उघडली.

"मडगार्डांवरचे दिवे मूळ नाहीत."

"न्हाईत."

"बसवणाऱ्याचं नाव?"

"———, माझे वडील."

"हयात?"

"वारले. अठरा वर्षं झाली."

"मग सोपं आहे," केळुसकर म्हणाले आणि लिहिलं. "मागच्या सीटजवळ पाण्याच्या बाटलीसाठी खुंटी आहे. ती कुणी बसवली?"

डॅशबोर्डखालून ऋतुजाचा आवाज आला, "मी."

ती तेव्हा सहा वर्षांची होती. आबांनीच तिला मांडीवर घेतलं, पेचकस हातात दिला आणि स्क्रूला काय म्हणायचं ते शिकवलं. मी बाजूला उभा राहून हसत होतो. त्या वेळी मला एवढी अक्कल असती तर पेचकस हिसकावून घेतला असता.

"हयात," केळुसकर म्हणाले आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्यांनी फाइलमध्ये खूण केली. "नियम अकराप्रमाणे नंतरची एक वस्तू ठेवता येते. फक्त एक. कोणती ठेवायची ते मालकांनी बुधवारपर्यंत कळवावं."

संध्याकाळी इंगवले आले. मी त्यांना म्हटलं, "मालक, गाडी सुधारित वर्गात घाला. इंजिन बदलून देतो, एसी बसवतो, सीटा नव्या शिवू. तिथं सगळं चालतंय. हायत ती माणसं ऱ्हात्यात, वर चार नवी जोडली जात्यात."

"नको, हिंदुराव. बोटीतून उतरली तशी पाहिजे मला. आजोबांनी हे दिवे कधी बघितलेच नव्हते."

"तुमच्या आजोबांसाठी माझा बाप काढू व्हय?"

माझा आवाज चढला होता. समोरचे वेल्डिंगवाले थांबून बघायला लागले. इंगवले मात्र चिडले नाहीत. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. टपावर चार बुजवलेली भोकं होती.

"इथं कॅरिअर होता," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी बसवला होता, असं माझ्या वहीत लिहिलंय. सुट्टीत आम्ही त्यावर गाद्या बांधून रत्नागिरीला जायचो म्हणे. मागच्या सोमवारी मी तो काढला."

"मग?"

"काही होत नाही, हिंदुराव. खरंच सांगतो. काही म्हणजे काहीच होत नाही."

ते हसत सांगत होते आणि मला त्यांची भीती वाटली. समितीच्या अर्जावर त्यांनी आपलं पहिलं नाव लिहिलं होतं, आडनाव लिहिलं होतं आणि मधे आडवी रेघ मारली होती. ठेवायची वस्तू कोणती, ते लिहायचं त्यांनी माझ्यावर सोडलं. तेवढी माणुसकी दाखवली.

मी काहीच लिहिलं नाही तरी गाडी दुसऱ्या गॅरेजला जाणार आणि तिथला माणूस दोन्ही काढणार. ऋतुजा हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आजोबांना ठेवा की, बाबा," ती म्हणाली. "माझं काय, मला तर कळणारबी न्हाई."

"गप बस. थोबाड फोडीन."

आयुष्यात मी तिला असं पहिल्यांदा बोललो. मग मी अर्जावर लिहिलं, खुंटी. आबा असते तर त्यांनीही हेच लिहिलं असतं, आणि मला एवढा वेळ लागला म्हणून शिवी घातली असती. मला त्यांची फार आठवण येते. ती अजून दोन दिवस येईल, म्हणून आत्ताच भरपूर काढून घेतोय. दिवे मी स्वतः काढणार आहे. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

आज शनिवार. वरचं अक्षर माझं आहे, त्यात शंका नाही. तीन ठिकाणी जागा मोकळी आहे.

गुरुवारी दिवे काढले. इंगवले म्हणाले ते खरं आहे, काही झालं नाही. आधार कार्डावर माझं नाव हिंदुराव लोहार आहे आणि मधे बोटभर कोरी जागा. असं छापायची पद्धत असेल. लेथच्या वर भिंतीला खिळा आहे, खिळ्याला चंदनाचा हार आणि हाराच्या आत भिंत. हार चांगला आहे म्हणून राहू दिलाय. इंगवले काल गाडी घेऊन गेले. आमचं दोघांचं आता छान जमतं. कुणाला सांगता येत नाही अशी एक गोष्ट दोघांत सारखी आहे, पण ती कोणती ते दोघांनाही माहीत नाही.

दिवे बाकड्यावर ताटलीत ठेवलेत. समितीच्या कागदावर त्यांच्यापुढं लिहिलंय, निर्माता अज्ञात. मी एक हातात घेऊन उलटसुलट बघितला. पितळ आहे, स्टोव्हच्या टाकीचं असावं. एकाही जागी हातोडीचा घाव दिसत नाही. ज्यानं केलंय त्याला काम येत होतं.

दुपारी ऋतुजा दुसऱ्या गाडीला हॉर्न बसवत होती. स्क्रू पिळून झाल्यावर तिनं पेचकसाच्या मुठीनं दोनदा टकटक केली आणि म्हणाली, "बस हितंच."

"हे काय गं?"

"तुम्ही म्हणता की रोज."

मी म्हणतो, हे खरंच. सकाळपासून चारदा म्हणालो असेन. कुठून आलं ते वहीत आहे, म्हणून वही काढून तिला वाचून दाखवली. आबा म्हणून कुणीतरी होते आणि त्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं, हे तिनं शांतपणे ऐकून घेतलं. एखाद्या पाहुण्याच्या घरची हकिगत ऐकावी तसं. मोकळ्या जागा आल्या की मी थांबत होतो. तिसऱ्या जागेपाशी तिनं वही माझ्या हातातून घेतली, पान उलटं केलं आणि डोळे मिटून पाठीमागून बोट फिरवलं. कागदावर पेनाचे वळ उठले होते.

"वाचता येतंय?" मी विचारलं.

"न्हाई." तिनं परत बोट फिरवलं, सावकाश. "पण तुम्ही लई जोर लावून लिहिलंय, बाबा."