प्रयोजन : धार्मिक

डब्लिनजवळच्या ल्यूकनचे रहिवासी श्री. विक्रांत बोरस्ते यांनी यंदाच्या सप्टेंबरात पोर्तुगालमधल्या एका जत्रेला जायचं ठरवलं. डोरो नदीच्या खोऱ्यात, वाइनच्या द्राक्षमळ्यांमध्ये वसलेल्या एका लहानशा गावात तोडणीच्या आधी मेरीमातेचा उत्सव भरतो. मूर्ती खांद्यावरून टेकडीवरच्या चर्चपर्यंत नेतात, ढोल वाजतात आणि अख्खं गाव रस्त्यावर पंगत मांडून जेवतं. विक्रांतच्या ऑफिसातला रुई हा पोर्तुगीज सहकारी तिथलाच. "टूरिस्ट लोकांना अजून पत्ता लागलेला नाही," असं तो सहज म्हणाला आणि त्या क्षणापासून विक्रांतला तिथे जाणं अत्यावश्यक झालं. उन्हाळ्यात समुद्रकिनारी जाऊन लोळणारी माणसं ऑफिसात आता जरा केविलवाणी वाटू लागली होती. विक्रांत देव मानत नसे. तो ऑथेंटिक अनुभव मानत असे.

जाणार तिघं होते. बारा वर्षांची मुलगी स्वरांगी हिच्याकडे आयरिश पासपोर्ट असल्यामुळे तिला काहीच करायचं नव्हतं. विक्रांतची आई पद्मिनीबाई तीन महिन्यांसाठी निफाडहून आल्या होत्या. मुंबईच्या एजंटने त्यांच्या अर्जात 'पर्यटन' लिहून पोर्तुगालचा व्हिसा आधीच काढून दिला होता. बायको स्वानंदी स्लायगोच्या इस्पितळात डॉक्टर, तिला रजाच नव्हती. व्हिसा राहिला तो अजून भारतीय पासपोर्ट असलेल्या एकट्या विक्रांतचा. जुलैत त्याने वेबसाइट उघडली, तर पर्यटनासाठी पहिली तारीख नोव्हेंबरची होती. 'धार्मिक प्रयोजन' या रकान्यात मात्र मंगळवारीच साडेदहाची वेळ मोकळी होती. ती तशी कित्येक महिने मोकळीच असावी. विक्रांतने टिक केलं.

मंगळवारी व्हिसा केंद्रातल्या बाईंनी कागद चाळले.

"प्रयोजन धार्मिक. पुरावा?"

"कशाचा?"

"धार्मिकतेचा."

"मी हिंदू आहे," विक्रांत प्रामाणिकपणे म्हणाला.

"असा की. धर्माची आमची काही अट नाही. स्थानिक धर्मगुरूचं पत्र हवं, एवढीच अट आहे."

"कुठल्या धर्माच्या गुरूचं?"

"उत्सव ज्या धर्माचा, त्याच्या." बाईंनी फाइल त्याच्याकडे सरकवली. "अर्जदाराला आपण व्यक्तिशः ओळखतो, असं त्यात असलं पाहिजे. सहा आठवड्यांत आणा."

त्याच संध्याकाळी विक्रांत जवळच्या चर्चमध्ये गेला. तिथले फादर डेक्लन सत्तरीचे होते आणि स्वतःच खुर्च्या लावत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्र देतो की. ग्रँड. फक्त मी तुला ओळखत नाही."

"आता ओळखता ना, फादर?"

"आता भेटलो. ओळख रविवारी होते. पावणेदहाला."

विक्रांत रविवारी पावणेदहाला गेला. चर्चमध्ये अकरा माणसं होती. दुसऱ्या रविवारी फादरनी विचारलं, "तू कॉम्प्युटरमधला ना? घरी बसून रविवारची मास-प्रार्थना बघणाऱ्यांसाठी वेबकॅम आहे, पण त्यात ईस्टरपासून फक्त छत दिसतंय." विक्रांतने तो पाच मिनिटांत सरळ केला. तिसऱ्या रविवारी फुलं कोण आणणार, गेट कोण उघडणार, चहा कोण करणार याची फळ्यावर खडूने लिहिलेली यादी त्याच्या नजरेस पडली आणि त्याच्यातला प्रोग्रॅम मॅनेजर गप्प बसू शकला नाही. त्याने शीट बनवली, रंग दिले, रिमाइंडर लावले. चौथ्या रविवारी चहावाल्या बाईंना चहाच्या वेळेच्या तीन सूचना आल्या आणि त्या रागावून आल्याच नाहीत. चहा विक्रांतने केला. पाचव्या रविवारी पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समितीच्या, चिटणीसपदी त्याची बिनविरोध निवड झाली. निवडीला हजर तिघं होते. त्यांपैकी एक विक्रांत.

"डॅड, यू आर नॉट इव्हन कॅथलिक," स्वरांगी म्हणाली.

"फादर, मी खरंच कॅथलिक नाही," विक्रांतने फादरना पुन्हा एकदा सांगितलं.

"हे बघ," फादर म्हणाले, "या भागात माझ्या वहीप्रमाणे चार हजार कॅथलिक आहेत. पावणेदहाला तू येतोस. मी काय करू?"

आणि त्यांनी मनापासून पत्र लिहिलं. विक्रांत बोरस्ते हा आमच्या पॅरिशचा आधारस्तंभ असून त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. ते वाचून विक्रांतला थोडी लाज वाटली आणि बराच आनंद झाला.

केंद्रातल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"अडचण आहे. तुम्ही भाविक नाही."

"पत्र तर आणलंय!"

"पत्रामुळेच तर कळलं. तुम्ही पदाधिकारी आहात. पदाधिकारी वैयक्तिक वर्गात बसत नाही, तो शिष्टमंडळात जातो."

"पण मी एकटाच आहे हो."

"शिष्टमंडळासाठी किमान संख्या एक आहे," बाई म्हणाल्या. "उत्सव समितीचं निमंत्रण लागेल. आम्हीच मागवून घेतो."

त्या गावच्या उत्सव समितीला परदेशातून असं पत्र पहिल्यांदाच गेलं असावं. दोन तासांत उत्तर आलं, तेही शिक्क्यासकट. 'शिष्टमंडळाचं उत्सवातलं कर्तव्य' या रकान्यात त्यांनी एकच पोर्तुगीज शब्द लिहिला होता. विक्रांतने तो फोनवर भाषांतरित केला, तर 'वाहणे' असं आलं. झेंडा असेल, असं त्याने ठरवलं. व्हिसा आठवड्यात हातात पडला.

पद्मिनीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी निफाडहून निघतानाच बॅगेत हिरवा खण आणि हळदकुंकवाच्या पुड्या ठेवल्या होत्या. द्राक्षाच्या मुलखातली देवी आहे म्हटल्यावर ओटी भरायलाच हवी, एवढंच त्यांना कळत होतं. त्या कुटुंबातली खरोखर देवीसाठी निघालेली ती एकच व्यक्ती आणि तिच्या पासपोर्टवर शिक्का पर्यटनाचा होता.

गावात पोचले तर बँड उभा होता. रस्त्यावर आयर्लंडचा झेंडा लावला होता. तो उलटा लागल्याने दुसऱ्याच देशाचा झाला होता, पण भाव पोचत होता. समितीचे अध्यक्ष सेन्योर आर्मांदो यांनी विक्रांतला मिठी मारली, एक पाऊल मागे जाऊन त्याचे खांदे बघितले, दाबून पाहिले आणि मान डोलावली. बायका विचारू लागल्या. उत्सवासाठी गावी आलेल्या रुईने भाषांतर केलं, "बाकीचं शिष्टमंडळ कुठाय म्हणतात."

"मीच," विक्रांत म्हणाला.

क्षणभर बँड थांबला. मग आर्मांदोंनी त्याच्या हातात खांद्यावर ठेवायची एक जाड उशी दिली.

मूर्तीच्या त्या लाकडी मखराला तिथे आंदोर म्हणतात. आपण पालखीच म्हणू. तिला बारा माणसं लागतात. गावात होते आठ. त्यांत सर्वांत तरुण एकसष्ट वर्षांचा. शेजारच्या गावाने तीन उसने दिले होते. बारावा खांदा आयर्लंडहून येणार, असं चर्चच्या दारावर चिकटवलेलं होतं. रुई मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होता.

"तू का नाही उचलत?" विक्रांतने दातओठ खात विचारलं.

"माझी पाठ," रुई म्हणाला. "शिवाय मी आयुष्यभर हे बघत आलोय. तुझ्यासाठी ऑथेंटिक आहे."

पालखी उठली. टेकडीची वाट द्राक्षांच्या वेलींमधून वर चढत होती. पहिल्या वळणाला विक्रांतला आपण जिमला जातो याचा अभिमान वाटला. दुसऱ्या वळणाला तो अभिमान उतरला. तिसऱ्या वळणावर खांद्याचं कातडं सोलून निघालं, शेजारचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा धापा टाकत कसलंसं गाणं म्हणू लागले आणि त्या तालावर बाराही जणांची पावलं एकदम पडू लागली. खाली ठेवणं शक्य नव्हतं. खाली ठेवली तर पुन्हा उचलायला ही माणसं उरली नसती. दोन्ही हात अडकल्यामुळे विक्रांतला एकही फोटो काढता आला नाही. वर पोचल्यावर घंटा वाजली, म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या, त्याचीही थोपटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम असणार, असं त्याने स्वतःला कळवलं.

पद्मिनीबाईंनी खण काढला, मूर्तीच्या पायाशी ठेवला, पदराने डोळे टिपले. पुजारी काही बोलणार तोच एका काळ्या कपड्यांतल्या म्हातारीने पद्मिनीबाईंचा हात धरला आणि त्यांना थेट मळ्यात नेलं. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. पद्मिनीबाईंनी घड हातात घेतला, मणी दाबला, आभाळाकडे बघून बोटांनी पाऊस दाखवला आणि नकारार्थी मान हलवली. म्हातारीने कपाळावर हात मारला. दोघींचं पटलं.

दुपारी पंगत बसली. आर्मांदो विक्रांतशेजारी बसून बोलत राहिले आणि रुई सांगत गेला. मागच्या वर्षी माणसंच मिळाली नाहीत, मूर्ती ट्रॅक्टरवरून न्यावी लागली. पोरं सगळी पॅरिसला, डब्लिनला. हा रुईसुद्धा सात वर्षांनी आला, तो शिष्टमंडळ येतंय म्हणून. रुईने हे वाक्यही इमानेइतबारे भाषांतरित केलं. पुढच्या वर्षी याल ना, असं त्यांनी विचारलं.

"नक्की," विक्रांत म्हणाला. "मी आत्ताच रजा टाकून ठेवतो."

हातातला पाव बाजूला ठेवून पद्मिनीबाईंनी सगळं समजावून घेतलं.

"ट्रॅक्टरवर नेली म्हनतो?" त्या म्हणाल्या. "आपल्याकडं तं दोन वरसं झाली, देवीची पालखी पिकअपवरच फिरते. खांदा द्याया कोन हाये गावात? चैत्रात यात्रा हाये. येशील का रे?"

"आई, एप्रिलमध्ये आमचं रिलीज असतं गं," विक्रांत म्हणाला. "बघतो."

"काय म्हणतात आई?" आर्मांदोंच्या वतीने रुईने विचारलं.

"जेवण छान झालंय म्हणते," विक्रांतने सांगितलं.

या उत्तरावर वाचकांना संताप येणं स्वाभाविक आहे. ज्यांना आपापल्या गावच्या यात्रेची यंदाची तारीख तोंडपाठ आहे, त्यांनी तो अवश्य व्यक्त करावा.