पिशवी तपासनीस

आमच्या गल्लीत शिरताना जयभीम नंतर, आधी पिशवी उघडायची. तोंडाशीच कठड्यावर बापू बसलेले असतात. एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले, पण हात अजून तसाच पुढे येतो.

"दाखवा."

मी, पोट सुटलेला चांगला बाप्यामाणूस, भररस्त्यात मुकाट पिशवी उघडतो.

"हा पाव विनातिकीट. ह्या डब्यातल्या रसात फळ कुठल्या शिटावर बसलंय? आणि फरसाण कोणी चढवलंन?"

"चिऊसाठी, बापू." मी लेकीला पुढे करतो.

"पोर काडीसारखी हाय. फरसाण उतरतंय ते तुमच्या पोटात."

मग शिक्षा. रविवारी माझ्याच स्कूटरवर मागे बसून मला पालीच्या बाजारात नेणार, नाचणी नि उकडा तांदूळ घ्यायला लावणार. मी चुकून पॉलिशच्या तांदळात हात घातला तर म्हणाले, "एवढा गोरा तांदूळ खायचाय, की लग्नाला उभा करायचाय?"

मासळीबाजारात तर विचारूच नका. बांगड्याचा कल्ला उचलून म्हणाले, "डोळे बघा ह्याचे. तुमच्यापेक्षा तरतरीत हायत."

मासेवाली वैतागली. "बापू, लोकांना निवडून देताव. तुम्ही कवा घेणार?"

"एकट्याला वाटा घेऊन करू काय?" बापू शेजारच्या टोपलीकडे बघत म्हणाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला. आणि बाजारातला लहानात लहान वाटाही घरभर माणसांचा असतो.

चिऊच्या वाढदिवसाला मात्र कहर झाला. बापूंनी केकचा खोका उघडून, पाहुण्यांदेखत, वरच्या गुलाबी फुलात बोट घातलं. "हे कसलं तूप? डालडा नि रंग! पोरीला घालणार हे?" चिऊ रडली. आमची ही माझ्यावर कडाडली, "उद्यापासून मागच्या वाटेनं यायचं!"

मी आज्ञाधारक. चपला हातात घेऊन गटार ओलांडू लागलो. मागे वळून बघतो तर अख्खी गल्ली रांगेत. सगळ्यांचीच फरसाणं तुंबलेली. तिकडे कठड्यावर बापू एकटेच रस्ता बघत बसायचे. आठवडाभर त्यांच्यासमोर कुणी पिशवी उघडली नाही.

रविवारी दार वाजलं. बापू. हातात पिशवी, तीत बांगडे.

"वाटाच घ्यावा लागला," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "ताजे हायत. पोरीला घाला. निघतो मी."

हिने पिशवी घेतली. क्षणभर मला वाटलं, दार लावते.

"निघता कुठं? कालवण करते. बसा."

स्वयंपाकघरात मला दम मिळाला, "ते तपासनीस आहेत. एक चूक निघता कामा नये." ताजा नारळ, त्रिफळं, आमसुलं, सगळं दोनदा हुंगून झालं.

बापू चिऊशेजारी बसले. आम्ही दोघं निकालाची वाट बघत उभे. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले आणि खाली मान घालून जेवू लागले.

"आई, ह्यात ना..." चिऊनं तोंड उघडलं.

बापूंनी काटा काढलेला तुकडा तिच्या तोंडात घातला. "जेवताना बोलू नये बाय. काटा लागतो."

मग ताट पुढे केलं. "सूनबाय, रस वाढ गो." दोनदा वाढून घेतलं. बोटं चाटली. खोड एकही काढली नाही. "बरं वाटलं," एवढंच बोलून चिऊच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

ही विजयी मुद्रेनं माझ्याबरोबर जेवायला बसली. पहिला घास तोंडात गेला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

कालवणात मीठच नव्हतं.

मी मिठाच्या डब्याकडे हात नेला. हिने तो धरला.

"असंच जेवा आज," ती म्हणाली.