पंपघराची रंगीत तालीम

"काही हरकत नाही," शिंपी कुजबुजला.

"अहो, हरकत नाही कशी? तुमच्या घराला लागून पाणी उपसायचं पंपघर होणार आहे. त्रास होईल की नाही?" मॅडमनी विचारलं.

"हळू बोला हो. भिंतीपलीकडे ऐकू जातं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. एखादा प्रकल्प आला की आजूबाजूच्या लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल, ते आधीच लोकांना विचारून शोधायचं, हे त्यांचं काम. काम मनापासून आवडीचं, पण जिथे जावं तिथे लोक 'हरकत नाही' म्हणून दार लावून घेत. साहेबांनी तर परवा तोंडावरच सांगितलं होतं, "सगळीकडे हेच उत्तर असेल तर विचारायला माणूस कशाला पोसायचा? या गल्लीच्या सुनावणीतही लोक गप्प बसले, तर तुमचं पद बंद. भांडारात जागा आहे. खुर्च्या मोजा."

मॅडमना खुर्च्यांचा राग नव्हता. पण खुर्चीला काही विचारता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

त्यात ही गल्ली म्हणजे कहर. घरं एकमेकांना इतकी खेटलेली, की एकाला शिंक आली तर पलीकडचा नाक पुसायचा. त्यामुळे सगळी गल्ली कुजबुजत संसार करायची. शिंपी आणि त्याची बायको भांडायचे, तेसुद्धा दातओठ खात, खुणांनी. नुकतंच लग्न झालेलं जोडपं दोन शब्द बोलायला बाजारात जायचं. पंपघरासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेसमोरच्या घरात एक आत्या राहायच्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणजे त्यांच्याशी बोलायचं तर ओरडायला हवं, आणि ओरडलं की गल्लीला सगळं कळणार. त्यापेक्षा भाचा आणि भाचेसून त्यांच्याकडे बघून नुसते गोड हसायचे. आत्याही हसायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

'त्रास काय असतो हे कळल्याशिवाय लोक बोलतील कशाला?' मॅडमना वाटलं. त्या तडक गावाबाहेरच्या जुन्या पंपघरात गेल्या, तिथला आवाज रेकॉर्ड करून आणला आणि मोकळ्या जागेत कार्यालयातला सगळ्यांत मोठा स्पीकर मांडला. सुनावणीपर्यंत रोज दिवसभर तो वाजवायचा बेत होता.

सकाळी धडधड सुरू झाली आणि शिंप्याने दचकून शर्टाची बाही खिशाला शिवली. तो तसाच रस्त्यावर आला आणि त्याने जन्मात पहिल्यांदा गळा मोकळा सोडला.

"बंद करा तो धिंगाणा!"

"वा! अजून जोरात सांगा!" मॅडमना आनंदाने टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दुपारी मात्र त्या शिंप्याच्या दारात गेल्या तेव्हा आतली गंमत वेगळीच होती.

"तुमच्या मामांनी दिलेला हा पलंग मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही!" शिंप्याची बायको ओरडत होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"लोक ऐकतील म्हणून! आता काय, वाटेल ते बोला!"

"अगं, माझीही पाठ मोडते त्याच्यावर!"

संध्याकाळी दोघं हसत हसत पलंग भंगारवाल्याकडे घेऊन निघाले. नवं जोडपं घरातच बोलायला लागलं, त्यांच्याकडची भाजी संपली तरी बाजारात जाईना. आणि आत्यांकडे तर भूकंपच झाला. त्या आवाजात सगळ्यांनाच बोंबलून बोलावं लागे. भाचेसून नवऱ्याला ओरडली, "चहात साखर कमी पडली का?"

"नाही गं, अगदी बरोबर आहे," कोपऱ्यातून आत्या म्हणाल्या.

भाच्याच्या हातातला कप तसाच राहिला. मग आत्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. मॅडम मत विचारायला गेल्या, तर आत्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुझा पंप गुणी आहे गं पोरी. माझी माणसं माझ्याशी बोलायला लागली."

मॅडमचे डोळे भरून आले. आपण त्रास शोधायला आलो आणि हे काहीतरी भलतंच सापडलं, म्हणून त्या मनातून घाबरल्याही. पण लोक जे म्हणतील तेच साहेबांपुढे मांडायचं, एवढं त्यांचं पक्कं होतं.

सुनावणीच्या मांडवात साहेब कानांत कापूस घालून आले. सोबत प्रकल्पाचे इंजिनिअर होते. स्पीकर बंद केला आणि साहेब म्हणाले, "बोला."

"पंप पाहिजे!" सगळी गल्ली एका सुरात गरजली.

"पण आवाज एवढाच हवा," शिंप्याने बजावलं. "कमी केलेला खपवून घेणार नाही!"

"आणि सुट्टीच्या दिवशीही!" नवी नवरी म्हणाली आणि लाजली.

इंजिनिअर बिचारे हसत उभे राहिले. "अहो, घाबरू नका. हा जुन्या पंपाचा आवाज. आपला नवा पंप पाण्यात बुडवलेला असतो. तुम्हाला हूं की चूं ऐकू येणार नाही."

"म्हणजे मुका?" शिंप्याच्या बायकोने विचारलं.

"अगदी मुका!"

"फसवणूक!" गल्लीने मांडव डोक्यावर घेतला. आवाज होत नाही म्हणून शिव्या खायची वेळ इंजिनिअरांवर नोकरीत पहिल्यांदाच आली होती. "मग निदान स्पीकर तरी ठेवा," शिंप्याने विनवलं. पण ती कार्यालयाची वस्तू, साहेबांनी ती स्वतः गाडीत चढवली.

लोक माना खाली घालून घरी गेले. गल्ली शांत झाली. मॅडमना रडू कोसळायचं बाकी होतं. इंजिनिअरांना आधी एक शब्द विचारला असता, तर हा सगळा घोळ झालाच नसता. आता आत्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, हे त्यांना जास्त लागलं.

कानांतला कापूस तसाच असल्यामुळे साहेब गाडीत शेजारी बसलेल्या मॅडमशी ओरडून बोलत होते. "लिहा! पंपाचा परिणाम, काही नाही! आणि उद्यापासून तुम्ही भांडारात!"

शिंप्याची खिडकी धाडकन उघडली. "कोण चाललंय भांडारात?"

"मॅडम!" समोरच्या घरातून नवा नवरा ओरडला.

"त्यांनी काय केलंय?" शिंप्याच्या बायकोने तिसऱ्याच खिडकीतून विचारलं, आणि मग कुठल्या घरातून कोण बोलतंय हेच समजेनासं झालं.

"आत्या, मॅडमना काढतायत!" भाचा जीव खाऊन ओरडला.

आत्या उंबऱ्यात आल्या. "काढतायत? कोण काढतोय? त्याला म्हणावं, इकडे ये आधी!"

साहेबांनी घाईघाईने कापूस काढला. "अहो, ते यंत्र चालू राहिलं का?"

"बंद आहे, साहेब. तुमच्या पायाशी आहे."

"मग हा एवढा आवाज कसला?"

"हा परिणाम, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

साहेबांनी गाडीची काच वर केली. आत्या चप्पल शोधताना दिसल्या, तशी त्यांनी दुसरीही काच वर केली आणि मॅडमच्या कानाशी लागून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "भांडाराचं राहू द्या. तुम्ही इथे दर महिन्याला येत जा. मला मात्र आणू नका."