खाली आहे, वर नाही

माणूस अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न फार काळ तत्त्वज्ञांकडे पडून होता. सुदैवाने आता तो संगणक कक्षाकडे आला आहे आणि तिथेही पडूनच आहे.

पांढुर्णा-सौंसर भागात शाळा चालवणाऱ्या आमच्या शिक्षण मंडळाकडे डिरेक्टरी सर्व्हर आहे. ही मोठ्या शिस्तीची सोय. तिच्यात सगळे कर्मचारी झाडासारखे दिसतात: वर मंडळ, खाली शाखांच्या फांद्या, फांद्यांना माणसं. प्रत्यक्षात हे झाड ठेवलेलं असतं डेटाबेसच्या तक्त्यांत, ओळीखाली ओळ. हजेरी तक्त्यातून घेतात, रजा झाडावरून देतात. (दोन्ही एकाच जागेहून का नाही, असं विचारणाऱ्या सभासदाची मुदत संपली.)

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर आधी मंडळाचं लेटरहेड बदललं, मग झाड बदलायचं ठरलं. सौंसरची फांदी छिंदवाड्याखालून काढून पांढुर्ण्याखाली लावायची होती. काढण्याचं काम वेळेच्या आत झालं, त्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. लावायचं राहिलं.

सौंसरच्याच फांदीवरच्या, रामाकोन्याच्या शाळेतल्या वृषाली मॅडमना नववा महिना लागला, तेव्हा त्यांनी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज भरला. सर्व्हरने कळवलं, अशी व्यक्ती नाही. त्यांनी संगणक कक्षाच्या अंकुरला फोन लावला.

"अंकुरभाऊ, मी तं रोज शाळेत येऊन राहिली ना!"

"येऊन राहिल्या, मॅडम. खाली तक्त्यात तुमची ओळ आहे. पन फांदीच नाही, तं वर झाडावर दिसान कशा? अन् जे दिसूनच नाही राहिलं, त्याले सुट्टी कशी द्याची?"

"मंग मी घरी बसू का?"

"बसू नका. गैरहजेरी खालून लागते."

इतकी काटेकोर व्यवस्था दुसरीकडे सापडणार नाही. कामापुरत्या मॅडम होत्या, हक्कापुरत्या नव्हत्या.

मंडळाने तत्परतेने समिती नेमली. समितीने प्रथम सर्व्हर बंद करून चालू केला. (आमच्या पाहणीनुसार ८३ टक्के अडचणी अशाने सुटतात, उरलेल्या १७ टक्के अशानेच सुरू होतात.) मग शनिवारी दोन सदस्य जामसांवलीला नारळ वाहून आले. तिथले हनुमान पहुडलेल्या स्थितीतच भक्तांचं ऐकतात, तेव्हा सर्व्हर आडवा असला तरी घाबरण्यासारखं काही नाही, अशी नोंद अहवालात झाली.

नवी फांदी लावायला सचिव सुधाकररावांची मंजुरी हवी होती. मंजुरी लॉगिन करूनच देता येते. आणि सुधाकरराव सौंसरचे, म्हणजे तेही झाडावर नव्हते. रोज सकाळी ते कार्यालयात येत, चहा घेत आणि अस्तित्वात नसल्यामुळे सही न करता घरी जात.

अखेर अंकुरला तोड सुचली. झाडावर एक फांदी अशी होती, जिला कोणीही कधी हात लावत नाही: पांढुर्ण्याच्या गोटमार मेळ्याचं प्रथमोपचार पथक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परंपरेने दोन गावांत दगड चालणारच, डोकी फुटणारच, म्हणून ही फांदी कायमची. सौंसरचे सगळे कर्मचारी तात्पुरते तिथे टांगले. वृषाली मॅडम झाडावर दिसू लागल्या, अर्जही स्वीकारला गेला. लगेच उत्तर आलं: प्रथमोपचार पथकातील सदस्यांस रजा अनुज्ञेय नाही.

"आता तं दिसून राहिली ना मी?" मॅडमनी विचारलं.

"एकदम साफ दिसून राहिल्या," अंकुर अभिमानाने म्हणाला. "म्हनूनच तं नामंजूर झाली."

शुक्रवारी दुसऱ्या तासाला, फळ्यावर भागाकार मांडताना, मॅडमना कळा सुरू झाल्या. नवरा शुभम गाडी घेऊन धावत आला आणि त्यांना सौंसरला घेऊन गेला. तिसऱ्या तासापासूनची गैरहजेरी तक्त्यात बिनचूक उमटली. त्याच दुपारी, पथकात आल्यामुळे सुधाकररावांनाही लॉगिन करता आलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, दगडफेकीसाठी सज्ज अशा अवस्थेत, त्यांनी मंजुरी दिली. सौंसर पांढुर्ण्याखाली लागलं. टाळ्या झाल्या, समोसे आले.

सर्व्हर आता उत्तम चालतो. ऐकून तुमचाही जीव भांड्यात पडला असेल. आई आणि बाळ कशी आहेत, हे मात्र समितीने अजून विचारलेलं नाही. समितीला दोष देऊ नका. तुम्हीही विचारलं नाहीत.