तान्ह्या बाळाच्या भूमिकेत

तान्ह्या बाळासारखं रडणं माझ्याइतकं कुणालाच जमायचं नाही, खुद्द बाळांनाही नाही! रेडिओवर नाटकं थेट व्हायची, तेव्हाची गोष्ट. खरं बाळ स्टुडिओत आणलं की ते नेमकं झोपायचं. मग नाक चिमटीत धरून, तोंडावर रुमाल घेऊन मी रडायचो. काय दिवस होते ते! जाड पडदे, लाल दिवा आणि एका मायक्रोफोनभोवती दाटीवाटीने उभी असलेली आम्ही मंडळी. आठवलं की अजून गलबलून येतं.

मी तेव्हा रोजंदारीवर होतो. घरी लेक पाळण्यात, आणि कायमच्या नोकरीसाठी मी देव पाण्यात घालून बसलेलो. एका संध्याकाळी साहेब म्हणाले, "आज वरचे अधिकारी घरी बसून ऐकणार आहेत. नाटक बिनचूक झालं तर तुमचं काम झालंच समजा." मी छातीठोकपणे सांगितलं, आज असा रडतो की दगडाला पाझर फुटेल!

नाटकाच्या शेवटी नायिका रडतं बाळ टाकून घर सोडते, दार धाडकन बंद होतं, संपलं. नायिका झालेल्या बाई तीन पोरांची आई, पण आवाज असा करारी की आम्ही चळचळा कापायचो. तालमीत मात्र घसा जपायला मी नुसतं "इथे रडणं" एवढंच म्हणायचो. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. माझं एरवीचं रडणं सवयीचं होतं, पण असा जीव तोडून फोडलेला टाहो सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

बाईंनी म्हणायचं होतं, "रड. मी मागे वळणार नाही." त्या गर्रकन माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, काय झालं माझ्या सोन्याला?" दुष्ट नवरा 'अले अले' करत पुढे सरसावला. त्याला हे बाळ डोळ्यांसमोर नको असतं, हे आम्ही अर्धा तास श्रोत्यांना पटवत होतो! तेवढ्यात बातम्या वाचणारे काका कागद हातात घेऊन आत आले आणि थेट मायक्रोफोनमध्ये म्हणाले, "भूक लागली असेल त्याला." काचेपलीकडे साहेब एका हाताने मला थांबायला खुणावत होते आणि दुसऱ्याने टेबल थोपटत होते.

आता म्हणे संशोधक सांगतात, बाळ रडलं की मोठ्यांचा मेंदू आधी दचकतो, विचार मागून येतो. आम्हाला तेव्हा कोण सांगणार? शेवटी मी एक उचकी दिली, खुदकन हसलो, आणि नायिका घरातच राहिली. दाराचा आवाज काढणारा दार धरून उभाच!

तोंड पाडून घरी गेलो, तर बायको किंचाळणाऱ्या लेकीला घेऊन येरझाऱ्या घालत होती.

"छान झोपली होती हो," ती म्हणाली. "तुम्ही रेडिओवर रडलात आणि मी हिला उचललं. तुम्हीच रडताय हे ठाऊक होतं, तरी उचललं."

मला फार बरं वाटलं. नोकरी हुकल्याचं दुःख तेवढा वेळ विसरलो.

पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं की ऐकता ऐकता अधिकारीही खुर्चीतून उठले होते. नोकरी पक्की झाली! अट एकच, पुन्हा मायक्रोफोनसमोर रडायचं नाही. मला हवामान वाचायला दिलं. निवृत्तीपर्यंत तेच वाचलं. पुराचे इशारे दिले, वादळाचे दिले, अगदी जीव ओतून दिले. खुर्चीतून कुणी हललं म्हणून शपथ!