क्लोरीनकाकांनी जंतू पाळले

साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही, हे कुणीही सांगेल. पण क्लोरीनकाकांच्या कपाटात मागच्या आजारपणातल्या सहा गोळ्या उरल्या होत्या. "वाया कशाला घालवायच्या?" म्हणून त्यांनी त्या घेतल्या आणि सगळ्या घराच्या डोक्याला ताप करून ठेवला. सर्दी जायची तेव्हाच गेली. पोट मात्र जे बिघडलं ते बिघडलंच.

काका तीस वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन सोडायच्या कामावर. (म्हणून हे नाव. खरं नाव बहुधा फक्त पगारपत्रकाला ठाऊक असावं.) जंतू म्हटला की मारायचा, एवढंच त्यांना कळे. आणि अशा माणसाला डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या पोटातले जंतू कमी झालेत."

"कमी? अहो, मग छानच झालं की!"

"छान कसलं! आतड्यांत चांगले-वाईट सगळे जंतू नांदत असतात. तुम्ही सरसकट सगळ्यांवर नांगर फिरवलात. त्यांचा तोल गेला की पचन बिघडतं, अंगात ताकद राहत नाही, झोपेवरही परिणाम होऊ शकतो. रोज दही खा, भाज्या-फळं खा. आणि आपल्या मनाने गोळ्या घेणं बंद!"

"यांची चिडचिडही त्यानेच का हो?" काकूंनी आशेने विचारलं.

"कधीपासून आहे?"

"लग्नापासून."

"मग ती वेगळी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांना बरं व्हायची भलती घाई होती. लेकीची मुलगी दहा महिन्यांची झाली, तरी त्यांनी तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. लेकीचं गाव बसने सात तास. दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा काका स्टँडवरच्या संडासातून बाहेर येईपर्यंत बस निघून गेली. नातीने आजोबा पाहिले ते मोबाइलवरच; "आजोबा कुठेत?" विचारलं की ती मोबाइलच्या चार्जरकडे बोट दाखवते, असं लेक हसत हसत म्हणाली. काकांना ते फार लागलं. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

तर काका दही खाऊ लागले. तीन आठवडे झाले, पोट जैसे थे. आणि एका सकाळी काकूंनी पाहिलं, तर काका गॅसपाशी उभे राहून पातेल्यात काहीतरी ढवळताहेत.

"अहो, हे काय?"

"दही."

"दही उकळताय?"

"मग? तसंच खाऊ? जंतू असतात त्यात!"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तेच तर खायचेत ना!"

"खातोय की! निर्जंतुक करून खातोय."

"मेले ना ते उकळून!"

"मेले तर मेले. पोटात तर गेले?"

आता या माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. त्या दिवसापासून काकूंनी दह्याचा ताबा घेतला. वाटी पुढे ठेवायच्या आणि चाटूनपुसून रिकामी होईपर्यंत समोर बसून राहायच्या. काका डोळे मिटून, जीव मुठीत धरून गिळायचे. पण महिन्याभरात पोट ताळ्यावर आलं, झोप लागू लागली, आणि एके दिवशी काका चक्क सात तास बसमध्ये ठाण मांडून बसले. (शेजारच्या प्रवाशाला त्यांनी आतड्यांवर जे व्याख्यान दिलं, त्याने बिचारा आधीच्याच थांब्यावर उतरला.)

लेकीच्या दारात नात रांगत होती, तोंडात कुणाची तरी चप्पल. "थांबा, आधी तिचे हात धुवा, मी पण धुतो..." काका म्हणेपर्यंत तिने येऊन पँट धरली. मग कुठलं राहवतंय! काकांनी तिला उचललं. तिने क्षणभर टक लावून पाहिलं, खुदकन हसली आणि ओली मूठच्या मूठ आजोबांच्या तोंडात घातली.

थुंकायचं तर तिला खाली ठेवावं लागणार. काकांनी आवंढा गिळला. डोळे भरून आले.

"ओळखलंन गं मला! बघ, कसं जवळ केलंन!"

"नाही हो बाबा," लेक म्हणाली, "ती सगळ्यांनाच करते असं. आत्ता शेजारच्या कुत्र्याच्या तोंडातून काढला तिचा हात."